ओलबाईंना अनावृत पत्र

श्रीमती ओलबाई,
मुक्काम : माजघराची पश्चिम भिंत, जमिनीपासून छातीपर्यंत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या चिरेबंदी घरात आपण कायमच्या राहायला आलात, त्याबद्दल समस्त भाऊबंदांच्या वतीने अभिनंदन. आमचं एकमेकांशी कधी पटलं नाही. पण आपली सोय करताना मात्र एकदाही भांडण झालं नाही.

पूर्वी आपले फार हाल व्हायचे. जांभा दगड छिद्राछिद्रांचा, पायातून पाणी वर ओढून घेणारा. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. येणं सोपं होतं, टिकणं कठीण. सांधे चुन्याचे, गिलावा चुन्याचा, त्यावर चुन्याचीच सफेती. पावसाळ्यात भिंतीत जेवढ्या शिरलात तेवढ्याच दिवाळीनंतरच्या उन्हात वाफ होऊन बाहेर. सारवलेली जमीनसुद्धा आपल्याला वाट करून द्यायची. शिवाय पश्चिमेच्या भिंतीला माडाची झापं, आणि पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात म्हणून पुढे ओढलेलं छप्पर. घरी आलेलीला असं वागवतात का?

म्हणून आम्ही पहिल्यांदा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आमच्या खापरपणजोबांना ते ठाऊक नव्हतं, त्याला आम्ही काय करणार? सिमेंट कडक, चुन्यासारखं भिंतीबरोबर हलत नाही. त्याला केसाएवढ्या भेगा जातात. पाऊस तिथून आत येतो, पण परत जायला त्याला तेवढी वाट मिळत नाही. रेनकोट घालून सायकल मारणाऱ्याचा सदरा आतून भिजतो ना, तशी व्यवस्था. त्यावर ऑइलपेंटचे दोन हात दिले, म्हणजे उरलीसुरली छिद्रंही बंद.

मग जमिनीवर चकचकीत लाद्या बसवल्या. खालची वाफ मध्ये कोंडली, ती कडेने भिंतीकडे आली. अंगणात कोबा घातला. दरवर्षी थर चढत चढत तो जोत्याच्या वरच्या चिऱ्यापर्यंत पोचला आणि उतार नेमका घराकडे निघाला. झापं फोटोत वाईट दिसतात म्हणून काढली. वाऱ्याची गवाक्षं पुट्टीने बुजवली. आणखी काय हवं?

आपल्या प्रगतीवर आमचं लक्ष असतं. स्विचबोर्डाखालचा फुगा परवा अंगठ्याने दाबला. पोपडा फुटला, थेंबभर पाणी आलं आणि मागोमाग खाराची पांढरी पूड बोटावर सांडली. हा खार जमिनीतून पाण्याबरोबर चढतो, पृष्ठभागाशी पाणी आटलं की त्याचे खडे होतात आणि गिलावा आतून उचलतात. म्हणजे आपण मोडतोडही स्वखर्चाने करता.

मध्यंतरी दहा वर्षांची गॅरंटी देणारा एक जण येऊन भिंतीला भोकं पाडून केमिकल भरून गेला. कोबा आणि पागोळ्यांकडे त्याने पाहिलंही नाही. पुढच्या पावसात आपण कमरेवरून छातीपर्यंत चढलात. नोकरीत एवढी झटपट बढती आमच्यापैकी कुणाला मिळाली नाही.

जुन्या गोव्यातही आपले हितचिंतक होऊन गेले. बॉम जेझूच्या बॅसिलिकेचा १६०५ साली अभिषेक झाला, तिच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्टाझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो काढून दगड उघडा केला. उघडा जांभा पावसात झिजत राहिला. तिथे गिलावा काढून आपली सोय झाली, इथे दुसराच घालून. चुना तेवढा मधून गेला, की आपलं काम होतं.

एक सावधगिरीची सूचना. जुन्या वास्तू सांभाळणारे काही लोक आपल्या वाईटावर आहेत. ते भिंतीला औषध लावण्याआधी पाणी येतं कुठून हे पाहतात. पन्हळ दुरुस्त करा, अंगण जोत्याखाली आणा, सिमेंट हलक्या हाताने काढा, भिंतीला महिनोन्महिने सुकू द्या आणि मग चुनाच लावा, म्हणतात. घाबरू नका. चुना मुरवायला दिवस लागतात, चुन्याची घाणी मोडून कधीच झाली, आणि आम्हाला घर गणपतीच्या आधी चकाचक हवं असतं. भिंत सुकेपर्यंत थांबण्याएवढी रजा मुंबईत कुणाला मिळते?

यंदा रंग पिस्ता ठरलाय. मखरामागची भिंत तेवढी विसर्जनापर्यंत सोडा. मूर्तीच्या पाठीवर पोपडे पडले की गुरुजी विचारतात. एरवी संकोच नको. वाटणीचा दावा कोर्टात आहे, कब्जा कुणाचा हे ठरायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर वहिवाट आपलीच.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक सहहिस्सेदार