क्रियापदं पक्की, पासपोर्ट कच्चा

दक्षिण कोरियात खाजगी शिकवण्यांचे क्लास गल्लोगल्ली आहेत. हागवॉन म्हणतात त्यांना. तिथे इंग्रजी शिकवायला जाणारे ई-2 व्हिसावर जातात. अट अगदी साधी. कुठल्याही विषयातली पदवी हवी आणि सात देशांपैकी एकाचा पासपोर्ट हवा: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पदवी कुक्कुटपालनातली असली तरी हरकत नाही. पासपोर्ट मात्र नाशिकच्या छापखान्यातला असून चालत नाही.

यादीतल्या दक्षिण आफ्रिकेत घरात इंग्रजी बोलणारे दहा टक्केसुद्धा नाहीत. पण यादी म्हणजे यादी. आपल्यासाठी एक खिडकी किलकिली आहे, ती 2010 साली लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे. मात्र तिथे पदवीबरोबर इंग्रजी शिक्षकाचा परवानाही दाखवावा लागतो.

मग आपला माणूस काय करतो? शिकत सुटतो. एम. ए. झालं, बी. एड. झालं, हैदराबादच्या इफ्लूतून इंग्रजी अध्यापनाची पदविका झाली. तरी जाहिरातीत ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ असतंच. मग केंब्रिजचं सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र. एकशेवीस तासांचा कोर्स, त्यातले सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि मागे परीक्षक वही घेऊन बसलेला. तिथे पहिला धक्का बसतो, कारण ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही! ज्या दोन शब्दांवर महाराष्ट्राची अख्खी शिक्षणव्यवस्था तोलून धरली आहे, तेच वर्ज्य. ‘त्याने अजून गाडी घेतली आहे का? घ्यायची इच्छा आहे का?’ असे चिमुकले प्रश्न विचारून समजलंय की नाही ते काढून घ्यायचं. वर मास्तराने कमी बोलायचं. बोलण्याचाच पगार घेतलेल्या माणसाला हे पचायला दोन आठवडे जातात, आणि पूर्णवेळ कोर्स असतो चारच आठवड्यांचा.

एवढ्यावर भागत नाही म्हणून कर्ज काढून इंग्लंडात टीसॉलचं, म्हणजे पुन्हा इंग्रजी अध्यापनाचंच, एम. ए. तिथली वाचनयादी उघडली की आपलीच माणसं भेटतात. इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळं आखणारे ब्रज काचरू श्रीनगरचे. व्याकरण न घोकवता, कामं करवून घेत भाषा शिकवण्याचा प्रयोग एन. एस. प्रभूंनी केला तो 1979 पासून दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत. त्यावरचं पुस्तक ऑक्सफर्डने 1987 साली काढलं. ‘एकच एक पद्धत’ हे खूळ मोडीत काढणारे कुमारवडिवेलूही इथलेच. रॉबर्ट फिलिप्सन या ब्रिटिश गृहस्थांनी तर 1992 सालीच लिहून ठेवलं की जन्माने इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक, हा निव्वळ भ्रम आहे. त्यावर निबंध लिहायचा, चांगले गुण मिळवायचे, आणि त्याच संध्याकाळी नोकरीचा अर्ज भरायचा. अर्जात दुसराच रकाना राष्ट्रीयत्वाचा. शेजारी फोटो चिकटवा.

कोरियन पालकांना नावं ठेवायचं मात्र आपल्याला शोभत नाही. आपल्याकडच्या बड्या शाळांच्या माहितीपत्रकावर एखादा गोरा चेहरा आला की फीमध्ये एक शून्य वाढतं आणि पालक ते मुकाट भरतात. तो चेहरा ग्रीसचा की ग्रिम्सबीचा, हे कोण विचारतो?

एवढ्या पदव्या घेऊन परतलेला आपला माणूस रिकामा बसत नाही हो. डेक्कनला वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतो, पायऱ्यांवर पाटी लावतो: ‘परदेशात इंग्रजी शिक्षक व्हा! हमखास!’ फी दोन हप्त्यांत. डेमो लेक्चर फुकट, आणि लेक्चरच्या शेवटी सर हमखास विचारतात, ‘समजलं का?’