काकांचं बोट

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक काका असतात आणि त्या काकांना एक बोट असतं. म्हणजे बाकीची नऊ असतातच, पण ती बिनकामाची. हे उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं, कायम क्षितिजावर रोखलेलं. आमच्या काकांनी तर लोकरी हातमोज्याचं तेवढंच टोक कातरून टाकलंय. का, तर ‘झाकलं तर दाखवायचं कशानं?’

डिसेंबर लागला आणि आम्ही कळसूबाईला निघालो. पहाटे कसाऱ्याला उतरून जीप केली. बाहेर मिट्ट काळोख, आत दातांचा खडखडाट. घोटी ओलांडली तशी काकांनी काच खाली केली, सगळा गारठा आत घेतला आणि बोट बाहेर काढलं. ‘कुलंग!’ तिकडे एक ढाबा होता, तोही बंद.

‘त्याच्या मागे,’ काका म्हणाले.

काकांचे किल्ले नेहमी कशाच्या तरी मागेच असतात. बारी गावात चहा पिताना एक किल्ला पेंढ्याच्या उडवीमागे निघाला, दुसरा टेम्पोमागे. एक तर चक्क माझ्या मागे होता. ‘जरा सरक,’ म्हणाले, ‘दिसू दे त्यांना.’

शिडीवर मात्र कहर झाला. लोखंड इतकं गार की तळवे बधिर. वरून उतरणारे, खालून चढणारे, आणि ऐन मध्यावर काकांनी एक हात सोडला. ‘तो पट्टा! १६७९ साली जालन्याच्या स्वारीहून परतताना महाराज तिथं विसावले, म्हणून विश्रामगड!’ मागच्या बाईंनी डोळे मिटून कळसूआईचा धावा सुरू केला. ‘घाबरू नका हो,’ काका म्हणाले, ‘नंतर त्याच्या शेजारचा औंढा दाखवतो.’

माथ्यावर, १६४६ मीटरवर, ऊन लख्ख होतं. देवळाभोवती झुंबड आणि प्रत्येकाचा फोन स्वतःच्याच तोंडाकडे वळलेला. काकांनी कोपरा धरून हजेरी घ्यायला सुरुवात केली. अलंग, मधला मदन, पलीकडे कुलंग. इकडे भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड, लांब हरिश्चंद्रगड. एका चुणचुणीत पोरानं फोनवर शिखरं ओळखणारं ॲप उघडलं आणि एकेक नाव ताडून पाहिलं. एकही चुकलं नाही. पोरगं हिरमुसलं.

तेवढ्यात काका माझ्या कानाशी आले. ‘धुकं आज काही हटायचं नाही रे, नाही?’

मी आभाळाकडे पाहिलं. रतनगडाचा खुटासुद्धा स्पष्ट दिसत होता.

उतरल्यावर काकूंना फोन केला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पावसाळ्यापासून बसची पाटी वाचता येत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, पण त्यानंतर काही आठवडे डोंगर बंद आणि हिवाळा तर वाया घालवायचा नाही! म्हणजे हा माणूस निव्वळ पाठांतरावर आम्हाला सह्याद्री दाखवत होता. (शिडीवर सोडलेला तो हात आठवून मला नव्यानं घाम फुटला.)

‘तूच समजाव बाबा,’ काकू म्हणाल्या. ‘मी विषय काढला की म्हणतात, मला सगळं दिसतंय, बाकीच्यांनाच दाखवावं लागतं.’

मार्चमधली तारीख मी घेऊन टाकलीय. काकांना अजून सांगितलेलं नाही.