आपणच आपले वकील

ज्या राजुरात कोळसा जमिनीतून आणि चुना भट्टीतून निघतो, आणि त्यामुळे काळे-पांढरे ओळखण्यास वस्तुतः कोणास अडचण पडू नये, त्या गावातले धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, तंटे मात्र वणीच्या कोर्टाची पायरी चढल्यावाचून मिटत नाहीत. आणि त्या पायरीवर, बगलेत कागदांचे गाठोडे मारून, वकिलाच्या सावलीसही न उभा राहणारा एक आरोपी हटकून भेटतो.

वकिलास कायदा कळतो, धुरा कळत नाही, हा त्याचा सिद्धांत. लोकमान्यांचा दाखला जिभेवर असतो: 1908 साली मुंबई हायकोर्टात टिळक स्वतःच 21 तास 10 मिनिटे बोलले! टिळक स्वतः एल्एल. बी. होते, आणि इतके बोलूनही ज्यूरीने 7 विरुद्ध 2 मतांनी दोषी ठरविल्यामुळे त्यांस 6 वर्षे मंडालेस काढावी लागली, हा उत्तरार्ध तो गाळतो.

न्यायाधीशांनी सरकारी खर्चाने वकील देऊ केला, तर याचा स्वाभिमान दुखावतो. आरोपीचा जबाब शपथेवाचून घेण्याची कायद्याची रीत आहे. ती त्यास समजाविली, तर ‘म्हणजे मले आधीच लबाड ठरवलं का?’ असे विचारून तो शपथेचा आग्रह धरून बसतो.

परंतु त्याचे खरे तेज उलटतपासणीत. 2024 साली रद्द झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 323 खालील साध्या मारहाणीचा खटला; फिर्यादीस पाठीवर किती वळ उठले हे आठवत नव्हते, मारणारा कोण हेही संध्याकाळच्या अंधारात नीट दिसले नव्हते, आणि कोणताही नवशिका वकील येथेच समाधानाने खाली बसला असता. फिर्यादी एवढेच म्हणाला की, काठीने मारले. अज्ञान सहन न होणाऱ्या आमच्या गृहस्थांनी तत्काळ दुरुस्ती केली, ‘काठी नव्हती साहेब, तुतारी होती! आर बी नवीच बसवली होती.’

तुतारी म्हणजे बैल हाकण्याची पराणी, आणि आर म्हणजे तिच्या टोकाचा लोखंडी खिळा. कलम 323 ला कमाल सजा एक वर्षाची होती. भोसकण्याजोग्या हत्याराने दुखापत केल्यास कलम 324 लागे, आणि सजा तीन वर्षांपर्यंत होई. सरकारी वकिलांनी त्याच दिवशी आरोपात फेरबदलाचा अर्ज दिला. पुढील तारीख पडली आहे. वकीलपत्र अद्याप दाखल नाही.