सिलिंडरचा शेजारधर्म

भारताची परदेशी मदत निरपेक्ष असते, हे दिल्ली वेळोवेळी सांगते. शंका घेणे असभ्यपणाचे. 2012 मध्ये भूतानचे पंतप्रधान जिग्मे थिनले रिओत चीनच्या पंतप्रधानांना भेटले. 2013 च्या जुलैत, मतदान तोंडावर असताना, भूतानला जाणारा गॅस आणि रॉकेल यांवरचे भारतीय अनुदान थांबले. कारण निव्वळ तांत्रिक: योजनेची मुदत संपली होती. 13 जुलैला थिनलेंचा पक्ष हरला आणि ऑगस्टमध्ये अनुदान परतले. तांत्रिक अडचण इतक्या झटपट सुटल्याचे उदाहरण आपल्या सरकारी कचेऱ्यांत विरळच.

मालदीवनेही हा जिव्हाळा अनुभवला. भारतीय सैनिकांना घरी पाठवण्याचे आश्वासन देऊन मुइझ्झू तिथे अध्यक्षपदी निवडून आले. भारताच्या अर्थसंकल्पात मालदीवच्या मदतीसाठी 2024-25 ची तरतूद 400 कोटी रुपये, आदल्या वर्षीचा सुधारित आकडा 770 कोटी. मग मुइझ्झू दिल्लीचा पाहुणचार घेऊन गेले. पुढच्या अर्थसंकल्पात 600 कोटी!

एवढी शिस्त असताना दरपत्रक छापायला संकोच कसला? थिंफू-मालेत चौकाचौकांत लावावे: चिनी हस्तांदोलन, गॅस बंद, दिल्लीवारी, 200 कोटी जादा. खाली बारीक अक्षरांत: ‘ही मदत विनाअट आहे.’