टोपणनावाचं बारसं

आदिलाबादला खेटून असलेल्या मावल्यात एखाद्या अ‍ॅपने कुणाचं नाव पुसून त्याला 'क्ष' म्हटलं, की गोपनीयता राखली म्हणायची. आता हा क्ष रोज रात्री एकाच घरी झोपतो, सकाळी आदिलाबादच्या एकाच कचेरीत जातो, रविवारी हरितवन उद्यानात फिरतो. त्याला ओळखायला हेर कशाला, पानटपरीवाला पुरे!

२००३ मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅलिस्टर बेरेसफर्ड आणि फ्रँक स्तायानो यांनी यावर तोड सुचवली: ठरावीक टापूत माग घेणं थांबवायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला नवं टोपणनाव द्यायचं. गर्दी मात्र हवी. मावल्याच्या तळ्याकाठी भर दुपारी एकटाच क्ष आत गेला आणि एकटाच ज्ञ बाहेर आला, तर बारसं फुकट. त्यांनी तपासलेल्या प्रयोगशाळेत तर कायमची टोपणनावं अगदीच कुचकामी ठरली. कोण कुठल्या टेबलाशी जास्त वेळ बसतं, एवढ्यावरून सगळे ओळखले गेले.

२०१३ मध्ये एका युरोपीय देशातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी दुसऱ्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा स्थळ-वेळेच्या अवघ्या चार खुणांनी ९५ टक्के माणसं वेगळी काढता आली.

तरी अ‍ॅपवाले छातीठोकपणे सांगतात, 'आम्ही नाव साठवत नाही.' खरंच आहे. ते फक्त घर, कचेरी, दवाखाना आणि निघायची वेळ तेवढी टिपून ठेवतात.