घरबसल्या संरक्षणसिद्धता : नवउद्योजकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ड्रोनचे चार पंखे एकाच दिशेने फिरत नाहीत, दोन उजवीकडे आणि दोन डावीकडे फिरतात, हे ज्यांना अलीकडेच कळलं आहे, ज्यांच्या लॅपटॉपमध्ये निदान एक प्रेझेंटेशन तयार आहे आणि त्या बळावर ज्यांना देशाच्या सीमा सुरक्षित करायच्या आहेत, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. वयाची, पदवीची, अनुभवाची अट नाही. या धंद्यात गिऱ्हाईक एकच असतं आणि ते घाईत नसतं, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवून सुरुवात करावी.

नाव

यंत्र नंतर बनतं, नाव आधी ठरतं. इथेच पहिली टंचाई भासते. अस्त्र, नाग, पिनाक, त्रिशूल, प्रहार, प्रलय, रुद्रम ही नावं डीआरडीओने केव्हाच उचलली. नागपूरच्या सोलर समूहाने नागास्त्र नेलं. सागर डिफेन्सने माणूस वाहणाऱ्या ड्रोनला वरुण म्हटलं आणि २०२४ साली मुंबईहून तुतिकोरिनकडे जी बिनखलाशाची बोट निघाली तिचं नाव मातंगी ठेवलं. अमेरिकेतल्या मंडळींनी टॉल्किनच्या कादंबऱ्या धुंडाळून पॅलंटिर आणि अँड्युरिल शोधले, म्हणजे टंचाई तिकडेही आहे. आपलं महाभारत मोठं असलं तरी अस्त्रं मोजकीच. संमोहनास्त्र शिल्लक असल्यास ताबडतोब नोंदवून ठेवा. शत्रूवर नाही चाललं तरी गुंतवणूकदारांवर चालेल.

जागा

नवशिक्याने पुणं निवडावं. पिनाक रॉकेटचं काम झालं ती एआरडीई पाषाणला, स्फोटकांवर संशोधन करणारी एचईएमआरएल जवळच सुतारवाडीला, पूल आणि वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा दिघीला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालयही पुण्यातच. याचा व्यावहारिक फायदा असा, की कोणत्याही हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एक निवृत्त शास्त्रज्ञ आणि दोन निवृत्त कर्नल सापडतातच. त्यातल्या एकाला सल्लागार मंडळावर घ्या. वेबसाइटवर त्यांचा ब्लेझरमधला फोटो लावा. तुमची कल्पना ऐकून ते सांगतील की हे आम्ही नव्वदच्या दशकातच करून ठेवलं होतं, फाइल अडली म्हणून राहिलं. वाद घालू नका. बऱ्याचदा ते खरं असतं.

जॉबवर्कसाठी भोसरी आहेच. ड्रॉइंग द्या, संध्याकाळी पार्ट हातात. फक्त उडवायचं कुठे, हा प्रश्न उरतो. लोहगावला हवाई तळ, खडकवासल्याला एनडीए, मध्ये अनेक लष्करी आस्थापना. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर हिरव्या रंगाचा तुकडा शोधत शोधत तुम्ही जिल्ह्याच्या वेशीपर्यंत जाल. २०२१ च्या ड्रोन नियमांतून सैन्यदलांच्या ड्रोनना सूट आहे, ही बातमी वाचून हुरळून जाऊ नका. सैन्याने तो विकत घेतला की सूट. तोवर तो तुमचाच, आणि त्याला खाली उतरवायला येणारा हवालदारही सैन्याचा नसून ग्रामीण पोलिसांचा.

पैसा

इथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो, की २०१८ नंतर परिस्थिती खरोखर बदलली. त्या वर्षी एप्रिलमध्ये चेन्नईजवळच्या डिफेन्स एक्स्पोत ‘आयडेक्स’ योजना सुरू झाली आणि ओळखपाळख नसलेल्या पोरांनाही संरक्षण मंत्रालयाचं दार ठोठावता यायला लागलं. सैन्यदलं आपल्या अडचणी जाहीर करतात, तुम्ही उत्तर सुचवता, निवड झाली की दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान. ‘आयडेक्स प्राइम’मध्ये दहा कोटींपर्यंत आणि २०२४ मध्ये आलेल्या ‘अदिती’मध्ये पंचवीस कोटींपर्यंत. त्याआधी अशा पोरांना आपली कल्पना कोणत्या टेबलावर नेऊन ठेवायची हेच माहीत नसायचं.

आता बारीक अक्षरं. अनुदानाच्या बरोबरीने तुम्हीही पैसे घालायचे असतात. अनुदान हप्त्यांनी येतं आणि पुढचा हप्ता ठरलेला टप्पा गाठल्यावर. टप्पा गाठायला पैसे लागतात. पैसे टप्पा गाठल्यावर. या चक्राचा अभ्यास करून ज्याला त्यातून वाट दिसली त्याने पहिला नमुना तयार केला असं समजावं.

नमुना पसंत पडला म्हणजे ऑर्डर आली, असा बाळबोध समज करून घेऊ नका. अजून ‘आवश्यकतेला मान्यता’ म्हणजे एओएन यायची आहे, मग आरएफपी म्हणजे निविदा, मग मैदानी चाचणी, मग भावाची घासाघीस. मधल्या काळात तुम्ही ज्या साहेबांना सगळं समजावून सांगितलं होतं त्यांची बदली होते. नवे साहेब हुशार असतात, उत्सुक असतात आणि पहिल्यापासून ऐकू इच्छितात.

धीर किती हवा याचा अंदाज घ्यायचा तर नवी मुंबईची आयडियाफोर्ज पाहा. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ मध्ये कंपनी काढली. २००९ मध्ये त्यांचा ड्रोन ‘थ्री इडियट्स’मध्ये झळकला, म्हणजे सगळ्या देशाने पाहिला. लष्कराची दोन कोटी डॉलरच्या आसपासची मोठी ऑर्डर आली जानेवारी २०२१ मध्ये. आमिर खानला एक दृश्य पुरलं, लष्कराच्या समाधानाला तपाच्या वर काळ गेला. आणि मला यात लष्कराची सगळीच चूक दिसत नाही. सिनेमात पडला तर रीटेक घेता येतो.

याच कंपनीचा शेअर २०२३ मध्ये बाजारात आला तेव्हा शंभराहून अधिक पट मागणी झाली. ६७२ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी १,३०० च्या पुढेमागे उघडला. पुढे तो ६७२ च्याही खाली गेला. ऑर्डर येतात तेव्हा एकदम येतात आणि येत नाहीत तेव्हा तिमाहीच्या तिमाही येत नाहीत. तिमाही निकाल वाचणाऱ्या माणसाला हे समजावून सांगण्यासाठी वरचं संमोहनास्त्र.

क्यूआर वाचणे

सैन्याला काय हवं ते ‘क्यूआर’ नावाच्या कागदात लिहिलेलं असतं. वजन इतकं कमी, पल्ला इतका जास्त, आवाज नाही, किंमत त्याहून नाही. असा कागद तयार करताना जगातल्या पाच उत्तम यंत्रांची माहितीपत्रकं समोर ठेवून प्रत्येकातला सर्वात मोठा आकडा उचलला जातो, असा जुना संशय आहे. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, काही क्यूआर मार्व्हल कॉमिक्समधून आल्यासारखे वाटतात, असं जाहीरपणे म्हणाले होते. नळी बदलून एकाच रायफलमधून दोन वेगवेगळी काडतुसं झाडता यावीत, अशी मागणी करणारी निविदा त्यांच्याच काळात, २०१५ मध्ये, काही वर्षांच्या खटाटोपानंतर रद्द झाली.

नवशिक्याने क्यूआर वाचून रडू नये. तो ज्याने लिहिला त्याला नव्हे, ज्याला यंत्र वापरायचं आहे त्याला भेटावं. तसा माणूस भेटणं कठीण, पण तोच या सगळ्या प्रकरणातला एकमेव जाणकार.

चाचणी

चाचणीचं अधिकृत नाव ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’. यातला खर्च सरकारचा नाही आणि वचनही सरकारचं नाही. बाकी सगळं तुमचं.

पुण्यात राहणारे बरेच नवउद्योजक सिंहगडावर जाऊन येतात आणि माहितीपत्रकात ‘अतिउंचीवर चाचणी यशस्वी’ असं छापतात. सिंहगड साधारण १,३०० मीटर. लेह गावच साडेतीन हजार मीटरवर आहे आणि चौक्या त्याच्या कितीतरी वर. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के उरते. पंख्याला ढकलायला हवाच कमी, म्हणून तोच ड्रोन उचलायला पंखे जास्त वेगाने फिरवावे लागतात, मोटर जास्त वीज ओढते, आणि नेमकी त्याच वेळी थंडीने लिथियमची बॅटरी गारठलेली असते. भोसरीत पन्नास मिनिटं उडणारं यंत्र तिथे किती मिनिटं उडेल याचा हिशोब तुम्ही विमानात बसल्या बसल्या करू शकता. करू नका, झोप लागणार नाही.

बॅटरी आतल्या खिशात, छातीशी धरून ठेवायची असते. ड्रोन बाहेरच्या थंडीतून एकदम गरम खोलीत आणला की कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरतं. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला स्वतःलाच धाप लागते, डोकं दुखतं आणि तुमचा सॉफ्टवेअर इंजिनिअर लॅपटॉप मांडीवर घेऊन नुसता बघत बसतो. म्हणून दोन-तीन दिवस आधी पोहोचा. ड्रोनला विरळ हवेची सवय होत नाही, माणसाला होते.

तिथून सुटलात की राजस्थान. उन्हाळा, बेअरिंगमध्ये बारीक वाळू आणि पडद्यावर ऊन पडल्यामुळे काहीच न दिसणं. मग जॅमर. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की तो बुजवणं फारसं अवघड नाही. तो गेला की तुमच्या यंत्राला आपण कुठे आहोत हे कळत नाही आणि ते ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतं. कोणी जागीच घिरट्या घालतं, कोणी वाऱ्याबरोबर जातं. वाऱ्याची दिशा सरहद्दीकडे असेल तर प्रसंग नाजूक होतो.

या सगळ्यात ज्याच्याकडे तुमचं लक्ष जात नाही तो एक जवान रिमोट हातात घेऊन उभा असतो. त्याच्या हातात जाड मोजे आहेत आणि तुमची बटणं मुगाच्या दाण्याएवढी. तो काही बोलत नाही. तो दाताने मोजा काढतो, बटण दाबतो, परत मोजा घालतो. हे पाहिलंत तर पंचवीस कोटींच्या अनुदानाहून जास्त मिळालं. नाही पाहिलंत तर अहवालात ‘वापरण्यास गैरसोयीचे’ एवढेच शब्द येतील आणि तुम्ही ते अल्गोरिदममध्ये शोधत बसाल.

स्वदेशी असणे

यासाठी स्टिकर लागतो. पूर्वी एवढंच पुरत असे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी सुटे भाग असल्याच्या कारणावरून सैन्यासाठीच्या चारशे ड्रोनची कंत्राटं रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हापासून तपासणारे स्टिकरखालीही पाहतात. सांगाडा, कार्बन फायबर, सॉफ्टवेअर आपलं करता येतं. अडतं ते मोटरपाशी. मोटरमधल्या ताकदवान चुंबकांना दुर्मीळ मृदाधातू लागतात आणि त्यांचा जगाचा बाजार चीनच्या हातात आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी काही धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा स्वावलंबनावर भाषणं लिहिणारे अनेक लोक एकाच आठवड्यात खनिजशास्त्र शिकले.

स्फोटकं

नवशिक्याने या वाटेला जाऊ नये. परवाने वेगळे, साठवणीचे नियम वेगळे, आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय नागपूरला, त्यामुळे संत्री आणायची सोय होते एवढाच फायदा. नागास्त्र बनवणारी मंडळी मुळात स्फोटकांच्याच धंद्यातली होती. त्यांच्या यंत्राची एक गोष्ट मला आवडते. लक्ष्य चुकीचं वाटलं तर हल्ला रद्द करून ते पॅराशूटने परत उतरवता येतं.

जाहिरातीचा व्हिडिओ करताना मात्र एक सांगणं आहे, आणि ते मार्गदर्शिकेच्या सुरात बसणार नाही. युक्रेनच्या युद्धातल्या ड्रोनहल्ल्यांच्या चित्रफिती ढोलाचं संगीत लावून प्रेझेंटेशनच्या दुसऱ्या स्लाइडवर टाकायची पद्धत पडली आहे. पडदा काळा होण्याआधी त्यात बहुतेक वेळा एखादा माणूस मान वर करून पाहत असतो. गुंतवणूकदारांच्या चहापाण्याच्या वेळी ते दाखवू नये. शस्त्र बनवायचं ठरवलं असेल तर बनवा, देशाला त्याची गरज आहे असं मीही मानतो. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर आपला लोगो येणार नाही एवढं पाहा.

ऑर्डर आल्यावर

पेढे वाटण्याआधी बँकेत जा. ऑर्डर मिळाल्याबद्दल पहिले पैसे तुम्हीच अडकवता, परफॉर्मन्स बँक गॅरंटी म्हणून. बँक मॅनेजर तारण मागेल. त्याला राष्ट्रभक्ती दाखवू नका, फिक्स डिपॉझिट दाखवा.

मग उत्पादन. आतापर्यंत तीन यंत्रं बनवलीत, आता दोनशे हवीत, सगळी तंतोतंत सारखी, आणि उशीर झाला तर दर आठवड्याला दंड. ड्रॉइंग सगळी आहेत, पार्ट सगळे मापात आहेत, तरी चौथ्या यंत्राचा उजवा हात नीट बसत नाही आणि ते उडताना थरथरतं. इंजिनिअर दोन दिवस सिम्युलेशन करतात. तिसऱ्या दिवशी कोणाला तरी आठवतं, की पहिल्या तीन यंत्रांच्या वेळी भोसरीचा तो फिटर त्या सांध्यावर हलकेच कानस मारायचा. किती, ते त्याने कधी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही आणि ड्रॉइंगमध्ये कोणी टाकलं नाही. त्याचा नंबर शोधा. तो एव्हाना चाकणला गेला असेल, जास्त पगारावर, मोटारींच्या कारखान्यात, आणि रविवारीच मोकळा असेल.