अस्सल चामड्याचे अण्णा

अण्णांच्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असतात: घडीचं भिंग, सहा इंची पोलादी पट्टी आणि पोस्टाच्या तिकिटाहून जरा मोठा असा हिरव्या रेक्झिनचा तुकडा. पेन नसतं. सहीची वेळ आली की समोरच्याचं घेतात आणि परत देताना "रिफिल सुकत आलीय ह्याची" असा शेराही सोबत देतात.

असे शेरे मारण्याचा एके काळी त्यांना सरकारी पगार मिळायचा. जबलपूर म्हटलं की महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना भेडाघाट आणि धुवांधार आठवतो. इथे वाढलेल्यांना फॅक्टरी आठवते. 1904 सालची गन कॅरेज, खमरियाची दारूगोळ्याची, 1969 सालची व्हीकल. गोलबाजार, राईट टाउनच्या मराठी घरांमधून कोणी ड्रॉइंग ऑफिसात, कोणी अकाउंट्सला, कोणी मशीनवर असायचं. अण्णा व्हीकलला, तपासणीत. शक्तिमान ट्रक आणि आद्याक्षरात जबलपूर घेऊन फिरणारी ती जोंगा इथून बाहेर पडायची, त्या दिवसांतली गोष्ट. अण्णांच्या वाट्याला इंजिन आलं नाही, ब्रेक आले नाहीत. सीटा आल्या. रेक्झिन, कॅनव्हास, फोम, शिवण. इंचाला टाके किती, दोरा मेण लावलेला आहे की नाही, घडी घातल्यावर भेग पडते की नाही. जवान ज्यावर बसतो ते उसवता कामा नये, एवढीच आपली देशसेवा, असं ते सांगतात. आणि सांगता सांगता तुम्ही बसलेल्या खुर्चीची शिवण बोटाने चाचपून जातात.

ही माणसं निवृत्त होतात ती फक्त पगारातून. गुरुवारी दत्तमंदिरात प्रसादाचा पेढा हातावर पडला की अण्णा तो आधी उजेडात धरतात. खोव्याच्या जलेबीवर तर आमचं शहर जीव टाकतं, पण अण्णा पहिला घास घेऊन डोळे मिटतात आणि निकाल सांगतात, "खोवा कमी, अरारूट जास्त." मग दुसरी मागतात. एका नमुन्यावर माल नापास करणं नियमात बसत नाही.

सोफ्याचं प्रकरण सुरू झालं काकूंच्या गुडघ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले, पाय वर घेऊन बसत जा. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, एक रिक्लायनर सोफा घ्या, पैसे मी पाठवतो." दुसरा कोणी असता तर चार दिवसांत काकूंचे पाय वर गेले असते. अण्णा म्हणाले, "घेऊ. पण अस्सल चामड्याचा असला तरच." अस्सल ही अट घातली की माणूस बरीच वर्षं मोकळा राहतो, हे काकूंना लग्नापासून ठाऊक असावं. त्या काही बोलल्या नाहीत.

माझ्याकडे गाडी आणि शनिवारची सुट्टी असल्यामुळे ही मोहीम मला जवळून बघायला मिळाली. आणि चामडं समजावून घ्यायचं तर अण्णांसारखा गुरू नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. पुढे त्यांची थट्टा येणार आहे म्हणून.

"हे बघ," गाडीत बसल्या बसल्या ते सुरू करायचे, "म्हशीचं कातडं पाच मिलिमीटरच्याही पुढे जाड असतं. सोफ्याला लागतं एक-सव्वा. मग करतात काय, आडवं चिरतात. वरचा थर तो खरा. त्यावर केसांची छिद्रं असतात, डासाचा चावा असतो, काट्याचा ओरखडा असतो. जनावर जगलेलं असतं ना! खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्याला अंगची ताकद कमी. त्यावर प्लास्टिकचा हात मारतात आणि छिद्रं छापतात. छापलेली छिद्रं ओळखायची कशी? ती सारखी असतात. निसर्ग शिस्तीत काम नाही करत. आणि त्याच्याही खाली बॉन्डेड. कातडीचा भुगा, गोंद घालून कापडावर थापलेला. दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटतात, उन्हात सोललेल्या पाठीसारखे."

"पण त्यावर जेन्युइन लेदर असा शिक्का असतो की, अण्णा."

"असतो ना. चामडं आहे एवढंच सांगतो तो. कितवा थर, ते कुठे सांगून राहिला?"

शोरूममध्ये शिरल्यावर सामान्य माणूस सोफ्यावर बसतो. अण्णा सोफ्यासमोर गुडघे टेकतात. (त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत.) आधी उशी उचलायची, तिच्या खालची चेन ओढायची आणि चामड्याची उलटी बाजू बाहेर काढायची. अस्सल असेल तर मागून तंतू दिसतात, सुती झालर फाटल्यासारखे. नकली असेल तर विणलेलं कापड. मग भिंग. मग खिशातला रेक्झिनचा तुकडा शेजारी धरून दोघांची घडी घालणं. मग बोट जिभेला लावून कोपऱ्यात टेकवायचं आणि घड्याळ बघायचं. कच्च्या रंगाचं चामडं पाणी पितं आणि तेवढ्यापुरतं गडद होतं. मात्र वरून पिगमेंट मारलेलं असेल तर अस्सल असूनही पीत नाही, तेव्हा एवढ्या एका कारणावर नापास करता येत नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खरा विषाद असतो. शेवटी सोफ्याच्या पाठीमागे जाऊन बसतात, कारण पुष्कळ ठिकाणी पाठ टेकते तेवढंच चामडं, आणि मागे, बाजूला, जिथे गिऱ्हाइकाचा हात जात नाही तिथे रेक्झिन. "लेदर मॅच म्हणतात ह्याला," मागून आवाज येतो, "मॅच कुणाशी, तर माझ्या खिशातल्या तुकड्याशी."

टाय लावलेला विशीतला पोरगा हे सगळं हात बांधून बघत असतो. त्याला कंपनीने शिकवलेलं असतं ते म्हणजे ईएमआय. अण्णा धूळ झटकत उठतात आणि विचारतात, "ये क्रोम का है, के हर्रा का?"

"सर, ब्राउन में भी आता है."

इथे अण्णा स्टुलावर बसतात आणि पोरग्याचं शिक्षण सुरू होतं. कातडं कुजू नये म्हणून ते कमवावं लागतं. आता बहुतेक ठिकाणी क्रोमियमचे क्षार वापरतात, काम लवकर उरकतं. पूर्वी झाडांच्या साली आणि फळं, आणि त्यांतलं एक मोठं नाव म्हणजे आपला हिरडा, इथला हर्रा. मध्य प्रांताच्या जंगलांतून निघालेला हिरडा इंग्रजांच्या व्यापारात जबलपूरच्याच नावाने विकला जायचा. प्रतीचं नाव 'जबलपूर', कोकणातून जाणाऱ्याचं 'वेंगुर्ला'. "साऱ्या विलायतेचं चामडं ज्या गावाच्या नावाने कमावलं, त्या गावात तू सोफे विकून राहिला आणि तुला हर्रा माहीत नाही?" हे मराठीत बोलतात, कारण राग आला की त्यांची हिंदी जाते. पोरगा आदराने मान हलवतो. अण्णांची ही माहिती चोख आहे. मी पडताळून पाहिली.

एका दुकानात मात्र अण्णांचा प्रश्न वेगळा होता आणि तो काकूंकडून आला होता. "गाईचं नाही ना, तेवढं विचारा." देवघर हॉललाच लागून. अण्णांनी विचारलं. मध्य प्रदेशातल्या दुकानात हा प्रश्न मोठ्याने विचारायचा नसतो. मालक गल्ला सोडून धावत आले, "नहीं नहीं दादा, कैसी बात करते हो, ये तो इटली का है!" इटलीचं म्हटल्यावर प्राण्याचा प्रश्नच मिटतो अशी त्यांची समजूत होती. अण्णा शांतपणे म्हणाले की इटलीतही म्हशी असतात, त्यांच्या दुधाचं चीज करतात, तर हे त्यांतलं आहे का. मालकांनी चहा मागवला.

चहावरून काकूंकडे यायला हवं, कारण ह्या गोष्टीतला हुशार माणूस त्या आहेत. अण्णा सोफ्याखाली शिरले की काकू शोरूमच्या एसीच्या तोंडाशी असलेली खुर्ची हेरतात, बसतात, बाजूचा खटका ओढतात आणि पाय वर घेतात. डोळे मिटतात. तपासणी तासभर चालते, कधी दीड. मे महिन्यात, बाहेर 44 अंश असताना, त्या तासाचं मोल मी सांगायला नको. दर शनिवारी नवं दुकान, दर शनिवारी चहा. दुकानं संपली तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरुवात झाली, कारण "नवीन माल आला असेल." पोरं आता काकूंना ओळखतात, एकाने पायाखाली जादा उशीही आणून दिली. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, गुडघे बरेच निवळले की, काय करता? काकू म्हणाल्या, "ह्यांच्याबरोबर हिंडते."

घरची तयारीही कमी नव्हती. रिक्लायनर मागे लवतो, म्हणून साध्या बनावटीच्या सोफ्याला पाठीमागे फूटभर मोकळी जागा लागते आणि पुढे पाय पसरतील तेवढी. आमच्याकडचे हॉल ही जागा ठेवून बांधलेले नाहीत. अण्णांनी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून सोफ्याचा पूर्ण मापाचा नकाशा कापला, उघडलेल्या अवस्थेतला, आणि हॉलमध्ये जमिनीवर अंथरला. तो आठवडेच्या आठवडे तिथे होता. आलेला माणूस सवयीने त्यावरून चालू लागला की अण्णा ओरडायचे, "सोफ्यावर चपला नको!" मोलकरीण कागदी सोफ्याच्या कडेकडेने फडकं फिरवायची. पंख्याच्या वाऱ्याने एका दुपारी पाठ उडून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा अण्णांनी चारही कोपऱ्यांवर पाटे, वरवंटे, खलबत्ते ठेवले.

मग कूलर. चामड्याला कोरडी भट्टी सोसत नाही आणि दमट वाराही नाही. खसच्या कूलरसमोर सोफा ठेवला तर पावसाळ्याची वाट न बघता बुरशी धरेल. म्हणून कूलरची खिडकी बदलायची की सोफ्याची भिंत, ह्यावर एक महिना गेला.

मोटारवाला घ्या, बटण दाबलं की पाय वर, असं मुलाने सुचवलं. अण्णांनी फोनवर फक्त तारीख सांगितली, "22 मे 1997." जबलपूरच्या माणसाला ही तारीख समजावून द्यावी लागत नाही. पहाटेच्या अंधारात भूकंप झाला होता आणि अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं. "समज तेव्हा तुझी आई सोफ्यावर आहे, पाय वर आहेत, आणि लाईट गेली. बटण दाबून काय होईल? बाकी सगळं गाव मैदानात आणि ही छताकडे बघत!" बॅटरीवर चालणारेही मिळतात, असं मुलगा म्हणाला. "बॅटरीची तपासणी कोण करणार?" असा उलट प्रश्न आला आणि मुलाने फोन आईला द्यायला सांगितला.

तसं बघितलं तर ह्या खुर्चीचा आणि चामड्याचा जन्माचा संबंध नाही. 1928 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या मन्‍रो गावच्या दोन चुलतभावांनी पहिली रिक्लायनर केली ती लाकडी पट्ट्यांची, ओसरीवर ठेवायची. एका दुकानदाराने सांगितलं, ह्यावर गादी शिवा म्हणजे बारा महिने खपेल. नाव सुचवायला लोकांची स्पर्धा लावली आणि 'लेझी बॉय' हे नाव निवडलं. हे मी अण्णांना ऐकवलं, एवढ्यासाठी की चामड्याचा हट्ट जरा ढिला व्हावा. ते म्हणाले, "लाकूड कोणतं होतं?"

शेवटी मुलाचा संयम संपला आणि त्याने पुण्यात बसून एक तीन आसनी सोफा परस्पर मागवला. चॉकलेटी रंगाचा, पुठ्ठ्यात बांधलेला, चार हमालांनी जिना चढवलेला. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या दिवसांची तपासणी, आणि माल न तपासता आत! हमाल गेल्यावर त्यांनी दार लावलं, ट्यूब लावली आणि गुडघे टेकले. उशी निघाली, चेन उघडली. आतून "अरे वा!" असा उद्गार आला. उलट्या बाजूला विणलेलं कापड होतं. पावतीवर बारीक अक्षरात शब्द होता: लेदरेट. मुलाने तो लेदर असा वाचला होता.

अण्णांना मी इतकं खूश क्वचितच पाहिलं असेल. आठ दिवस येणाऱ्या प्रत्येकाला चेन उघडून दाखवत होते. परत पाठवायची मुदत होती, मुलगा फोनवर गयावया करत होता, पण अण्णा ऐकेनात. खिशातला हिरवा तुकडा काढून त्यांनी सगळ्या कसोट्या पुन्हा लावल्या, ह्या वेळी जोंगाच्या सीटच्या. घडी, शिवण, टाके, फोम. आणि निकाल दिला: "चामडं म्हणून नापास. रेक्झिन म्हणून एक नंबर!" शिवाय पुसायला ओलं फडकं चालतं, कूलर चालतो, आणि इटलीच्या म्हशीचा प्रश्न उरत नाही. सध्या ते त्यावरच बसतात, खटका ओढून, पाय वर घेऊन, आणि पेपरातल्या छपाईच्या चुका शोधतात.

काकू मात्र त्या सोफ्यावर फारशा बसत नाहीत. त्यांचं म्हणणं, घरी एसी नाही आणि चहा आपल्यालाच करावा लागतो. अण्णांना त्यांनी गेल्या आठवड्यात सहज सुचवलं की आपली गादी फार जुनी झाली, आणि हल्ली कापसाच्या नावाखाली काय वाटेल ते भरतात म्हणे. अण्णांनी पट्टी पुसून खिशात टाकली आहे. जबलपूरच्या गादीवाल्यांनो, येत्या शनिवारपासून दुपारच्या चहाची सोय ठेवा, आणि एसीजवळची एक गादी काकूंसाठी मोकळी राहू द्या.